ओट्यावरचं वाचनालय

शेठजींच्या तांदळाच्या मिलीला लागूनच आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी मिलीचं इंजिन सुरू झालं की आमच्या फळीवरचे पितळी पेले एकमेकांना लागून किणकिणायचे आणि माय चुलीपुढून म्हणायची, "उठा, दिवस लागला." दुपारी इंजिन थांबलं की कानात एकदम पोकळी व्हायची. त्या शांततेत आम्ही जेवायला बसायचो, आणि पहिले दोन घास होईपर्यंत सगळे उगाचच मोठ्यानं बोलायचे. धान निघाल्यावरच्या थंडीत तर विचारू नका. चांद्याच्या जटपुरा दरवाजाबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, बैलांच्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या, हवेत तूस. माय भांडी पालथी घालून ठेवायची तरी भातात कुठंतरी एक तूस लागायचंच. पण त्या दिवसांतला नव्या चिन्नोर तांदळाचा वास! भात उतरला की दारावरून जाणारा माणूस सहज थांबून विचारायचा, "काय वो बाई, आज काय हाये?" आणि असायचा नुसता भात, लाखोळीचं वरण आणि जवसाची चटणी. आता नातसून कुकरमध्ये चांगल्या पॉलिशचा तांदूळ लावते. तिला मी काही म्हणत नाही. तिनं तो वास घेतलेला नाही, तर तिला काय सांगायचं?

बाबा त्याच मिलीत मुनीम होते. उंच, सडपातळ, बोलणं कमी. शेठजींविषयी त्यांच्या मनात जी माया होती ती भीतीतून आलेली नव्हती, हे मला आधीच सांगून ठेवलं पाहिजे. मी लहान असताना बाबांना एकदा हिवताप झाला होता. आमच्या जिल्ह्यात तेव्हा हिवताप म्हणजे पाहुण्यासारखा, पाऊस सरला की घराघरात मुक्कामाला. बाबा महिनाभर खाटेवर होते. शेठजींनी डॉक्टर पाठवला, रोज दूध पाठवलं, आणि बाबांची गादी रिकामी ठेवली. बाबा ते कधी विसरले नाहीत. पुढे माझी शाळा संपली, घरात बसून मी कोनाड्यातले जुने पेपर पुन्हा पुन्हा वाचते असं मायनं सांगितलं, तेव्हा बाबांनी शेठजींकडेच शब्द टाकला. गावातल्या वाचनालयाचे अध्यक्षही शेठजीच होते. वाचनालयात बायकांसाठी आठवड्यातून काही वेळ राखून ठेवायचा विचार चाललाच होता, त्यासाठी एक बाई माणूस हवं होतं. अशी मी, शकू, अठराव्या वर्षी चांद्याच्या वाचनालयात नोकरीला लागले.

परकोटाच्या आत, एका गल्लीच्या तोंडाशी ती बसकी कौलारू इमारत होती. समोर लांबलचक ओटा, तीन पायऱ्या, आत वाचनाची खोली आणि मागे पुस्तकांची. आम्ही नोकर चारच. पुस्तकं देणं-घेणं नामदेवभाऊ बघायचे. तिशीतला माणूस, केस कायम विस्कटलेले, बोलताना टेबलावर बोटं वाजवायची सवय. दिवे, खिडक्या, राखण हे रहीमचाचांकडे. त्यांची पांढरी दाढी पाहून वाचनालयात गोंधळ घालणारी पोरं आपोआप गप्प व्हायची. आणि मागच्या खोलीच्या कोपऱ्यात बिरजूभाऊ मडावी. फाटक्या पुस्तकांची बांधणी करणारा. तो मूलकडच्या जंगलातल्या गावचा, गोंड. लहानपणी गावात आलेल्या कुण्या सर्वोदयवाल्याच्या मागे चांद्याला आला आणि इथंच राहिला. त्याच्या खळीचा आंबूस वास पुस्तकांच्या खोलीत भरलेला असायचा. दिवसभर तो स्वतःशी गुणगुणत काम करायचा, आणि मी नवी नवी असताना भांबावले की म्हणायचा, "घाबरू नोको बाई. पुस्तक चावत नाई."

त्या वर्षी पाऊस संपता संपता बिरजूभाऊला हिवतापानं धरलं. आधी एक दिवसाआड थंडी वाजायची, तरी कामावर यायचा. मग येणंच बंद झालं. त्याची बायको सोमी येऊन सांगून गेली, "उठून नाई राह्यला." आम्ही आळीपाळीनं जाऊन बघून यायचो. दिवाळी गेली, धान कापणीला आलं, आणि एका सकाळी बिरजूभाऊच्या कोपऱ्यात दुसराच माणूस बसलेला दिसला. शेठजींच्या नात्यातला कुणीतरी. त्याला बांधणीतलं काही येत नव्हतं, पण तो बसला होता. नामदेवभाऊ विचारायला गेले तर शेठजी म्हणाले, बिरजूला काढलं. काम थांबून राहतं, कुठवर वाट पाहायची?

नामदेवभाऊ परत आले ते टेबलावर बोटं न वाजवता उभे राहिले. त्यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. त्यांनी रहीमचाचांना आणि मला मागच्या ओट्यावर बोलावलं. "आज बिरजू गेला," ते म्हणाले. "उद्या चाचा तापात पडतील, परवा शकूबाई. आपण माणसं हावो का खिळे? वाकला की फेकला?"

रहीमचाचा म्हणाले, "हात जोडके बोलेंगे तो शेठजी रख लेंगे. दिल का बुरा नहीं है वो आदमी."

"हात जोडून ठेवला तर ती मेहरबानी झाली चाचा," नामदेवभाऊ म्हणाले. "मेहरबानी एकाले भेटते, दुसऱ्याले भेटत नाई. आपल्याले नियम पाहिजे. माणूस आजारी पडला तर त्याची जागा राहीन, असा नियम."

मला त्या वेळी डोळ्यांपुढे बाबांची खाट दिसली, आणि शेठजींकडून आलेला दुधाचा गडू. नामदेवभाऊंनी जेव्हा विचारलं, "शकूबाई, तुमचं काय? तुमचे बाबा मिलीत हायेत, तुम्ही नाई म्हटलं तरी कोणी वाईट नाई म्हणणार," तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मी बसते." का निघालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बिरजूभाऊचा कोपरा मला दिसत होता, एवढं मात्र खरं.

असं आमचं धरणं सुरू झालं. संप म्हटलं की लोकांना कापडाच्या गिरण्या आठवतात, लाल झेंडे, हजारोंचे मोर्चे. आमचा संप ओट्यावर अंथरलेल्या एका सतरंजीएवढा होता. शेठजींच्या नातेवाइकानं पहिल्याच दिवशी आम्हाला बसलेलं पाहिलं आणि तो परत फिरला, तो पुन्हा आलाच नाही. वाचनालयाला शेठजींनी कुलूप लावलं. चौथ्या माणसाची जागा रिकामी राहू नये म्हणून की काय, दुसऱ्या दिवशी स्वतः बिरजूभाऊच काठी टेकत आला, डोक्यावरून घोंगडी घेतलेली, ओठ काळे पडलेले. सोमी त्याच्या मागे पाण्याचा लोटा घेऊन. रहीमचाचांनी पालापाचोळा गोळा करून शेकोटी पेटवली आणि त्याला तिच्याजवळ बसवलं.

नामदेवभाऊंचा एक दंडक होता. कोणी आत जायला आलं तर अडवायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, वाईट बोलायचं नाही. राम राम करायचा, बिरजूभाऊचं काय झालं ते सांगायचं, आणि बाजूला सरकायचं. "बाकीचं त्याच्या मनावर सोडा," ते म्हणायचे. आत जायला कुणी येणारच कसं, दाराला तर कुलूप. पण आमचे रोजचे वाचक यायचे. त्यांत पहिले नानाजी, तहसीलीतून निवृत्त झालेले. मफलर कानाला गुंडाळून सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. कुलूप बघून ते भडकायचे. "तुमच्या भांडणात माहा पेपर काऊन मारता?" असं म्हणून काठी आपटत निघून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

शेवटी रहीमचाचांनीच तोड काढली. पेपरवाला पोस्टाजवळ वाचनालयाचा पेपर घेऊन उभा असायचा, कुलूप असल्यानं तो कुणाच्या ताब्यात द्यायचा त्याला कळत नव्हतं. "हमको दे दे. वाचनेवाले तो यहीं बैठे हैं," असं सांगून चाचा तो घेऊन आले. नानाजी आले तेव्हा नामदेवभाऊ म्हणाले, "बसा नानाजी, पेपर हाये. पण एकच हाये आणि ऐकणारे चौघं. शकूबाई मोठ्यानं वाचतीन." नानाजी कुरकुरत पायरीवर बसले. मी पेपर उघडला. रस्त्यावर बसून, परक्या पुरुषांसमोर मोठ्यानं वाचायचं! पहिली ओळ मी पेपरात तोंड घालूनच वाचली. मान वर केली तर बिरजूभाऊ घोंगडीतून माझ्याकडे बघून हसत होता. मग वाचत गेले.

दोन-चार दिवसांत ओट्यासमोर उन्हात चांगली माणसं जमू लागली. सायकल दुरुस्त करणारा, समोरचा शिंपी, शाळेत जायला निघालेले मास्तर, टांगेवाले. ज्यांना वाचता येत नव्हतं ते वाचनालयात कधी पायच ठेवत नसत. पण ओटा तर रस्त्याचाच होता. नंतर बायकांसाठी राखून ठेवलेल्या वाराला एक गंमत झाली. कृष्णाबाई म्हणून एक होत्या, कोर्टातल्या कारकुनाच्या घरच्या, पुस्तक फडक्यात बांधून आणायच्या. त्या आल्या, मागोमाग तिघी-चौघी. मला वाटलं आता परत जातील. कृष्णाबाईंनी ओट्याकडे पाहिलं, पुरुषांकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "सरका जरा, आमचा वार हाये आज." पुरुष उठून समोरच्या बाजूला गेले. बायका ओट्यावर बसल्या. एकीनं आपलं घरी नेलेलं पुस्तक फडक्यातून सोडलं आणि आम्ही आळीपाळीनं त्यातली गोष्ट वाचली. रस्त्यावरून जाणाऱ्या सासवा थांबून बघत होत्या. कृष्णाबाईंनी मान वरही केली नाही.

घरी मात्र मी गेले की दिव्याची वात कमी केल्यासारखं व्हायचं. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. पहिल्या संध्याकाळी एकदाच बोलले. "शेठजीनं शब्द दिला म्हणून तुले नोकरी लागली. आज त्याच्याच दारात तू बसली."

"दार वाचनालयाचं हाये बाबा."

"तू मले शिकवू नोको." एवढं बोलून ते पाटावरून उठले. ताटात भात तसाच. मायनं ते ताट उचललं नाही, झाकून ठेवलं. खूप वेळानं ती त्यांच्याजवळ गेली. मी दुसऱ्या खोलीत होते, मधे पडदाच होता.

"तुम्ही तापात पडले होते तवा शेठजीनं दूध पाठवलं," माय म्हणाली.

"तेच सांगून राह्यलो."

"पाठवलं कारण तुम्ही रोज त्याच्या डोळ्यासमोर होते. बिरजूले कोण पाहते? तो मांगच्या खोलीत बसते." आणि पुढे म्हणाली, "माह्या जिवाले ते महिनाभर काय लागलं होतं, मले विचारा. रोज वाटे, आज दूध आलं, उद्या येईन का नाई."

दुसऱ्या दिवसापासून माय मला डब्यात जास्तीचं काहीतरी द्यायची, आणि ते बाबांना दिसेल अशा बेतानं बांधायची. तांदळाची धिरडी, कधी वांग्याचं भरीत. "बिरजूले दे. तोंडाले चव नसते तापात." बाबा कोट घालता घालता बघायचे आणि बघितलं नाही असं करून निघून जायचे.

बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी जंगलाकडची माणसं चांद्यात यायची. डोक्यावर बांबूच्या टोपल्या, मध, डिंक, आवळे. बाजार आटोपून परतीच्या वाटेवर त्यातली काही आमच्या गल्लीतून गेली आणि बिरजूभाऊला पाहून थबकली. "जोहार, जोहार" झालं. त्याच्याच पट्ट्यातले लोक होते. ते खाली रस्त्यावरच उकिडवे बसले. मी पेपर वाचत होते, धानाच्या भावाबद्दल, नदीवरच्या कुठल्यातरी धरणाबद्दल. बिरजूभाऊनं हात वर करून मला थांबवलं आणि जे वाचलं ते तो त्यांना गोंडीत सांगू लागला. मी एक तुकडा वाचायची, तो सांगायचा. मधेच ते काहीतरी विचारायचे, तो माझ्याकडे वळायचा, "बाई, ते विचारून राह्यले, धरणात कोणाची गावं जातीन, ते लिवलं हाये का?" लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. ते एकमेकांकडे बघून बराच वेळ बोलत राहिले. तो प्रश्न पेपरात नसावा याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा आश्चर्य वाटलं. पुढे जन्मभर पेपर वाचताना मी त्यात काय लिहिलेलं नाही हे शोधत आले, ती सवय तिथली.

आम्ही असे रंगलो असताना गल्लीच्या तोंडाशी शेठजी दिसले. पांढरा कोट, काळी टोपी, हातात छडी. आणि त्यांच्या मागे बाबा.

नामदेवभाऊ उठून उभे राहिले. राम राम केला. शेठजींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वाचनालय गावाचं हाये, चार नोकरांचं नाही. आजपासून ते उघडं राहील. मुनीमजी बसतील. ज्याला वाचायचं त्यानं आत यावं." आणि त्यांनी बाबांच्या हातात किल्ली दिली.

मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते, मांडीवर पेपर. दाराशी जायची वाट माझ्यावरूनच होती. बाबा पहिल्या पायरीवर आले, दुसऱ्या पायरीवर आले. त्यांच्या जोड्यांना मिलीतलं तूस लागलेलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते माझ्याकडे नाही, कुलपाकडे पाहत होते. आमचा दंडक मला पाठ होता. मी म्हटलं, "राम राम बाबा. बिरजूभाऊ तापात पडला म्हणून त्याले कामावरून काढलं. म्हणून आम्ही बसलो हावो." आणि पेपर गोळा करून बाजूला सरकले.

बापाला राम राम करायची वेळ माझ्यावर आली होती. बाबा कुलपाशी वाकले. किल्ली लागेना. मग लागली. दार उघडलं. ते आत गेले आणि आम्ही खिडक्यांचे अडसर एकेक निघताना ऐकले.

शेठजी ओट्याखाली उभे होते. "या, या," ते लोकांना म्हणाले. कुणी हललं नाही. मग नानाजी उठले. नानाजी गेले की बाकीचेही जाणार हे मला माहीत होतं. आत त्यांची खुर्ची होती, खिडकीजवळची, रोजची. ते काठी टेकत पायऱ्या चढले, उंबऱ्यापर्यंत गेले, आत डोकावले. मग वळून त्यांनी खाली पाहिलं. बिरजूभाऊ शेकोटीजवळ कुडकुडत होता, त्याला त्या दिवशी दिवसाआडचा ताप चढत होता. नानाजी तितक्याच हळू पायऱ्या उतरले आणि उन्हात आपल्या जागी बसले.

"नानाजी, आत बसा ना," शेठजी म्हणाले.

"आत थंडी हाये," नानाजी म्हणाले. "अन् मले आता ऐकायची सवय झाली. डोळ्याले त्रास नाई. हां, वाच वो पोरी. कुठी होतो आपण?"

मी वाचायला लागले. सुरुवातीला अक्षरं हलत होती. मग आवाज सापडला. मी वाचत होते, बिरजूभाऊ दात वाजत असताना गोंडीत सांगत होता, आणि माझ्या पाठीमागे, उघड्या दाराआड, रिकाम्या खोलीत बाबा एकटे बसले होते. मला ते दिसत नव्हते. पण खिडकी माझ्या डोक्यावरच होती, त्यांना माझा शब्द न् शब्द ऐकू जात असणार. त्यांनी मला मोठ्यानं वाचताना कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात इंजिनाच्या आवाजात कोण वाचणार?

पेपराची दोन्ही पानं वाचून झाली. शेठजी तोवर उभेच होते, आता छडी या हातातून त्या हातात घेत. मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा दारात आले.

"शेठजी, आत कोणी येऊन नाई राह्यलं."

"बसा तुम्ही. येतील."

"रिकाम्या खोलीत मी काय करू?" बाबा म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता, नेहमी हिशेब सांगायचे तसाच होता. "तुमचे उपकार मी विसरलो नाई. विसरणारही नाई. तुम्ही माही गादी ठेवली होती. त्या टायमाले तुम्हाले वाटलं म्हणून ठेवली. नसतं वाटलं, तर मीही असाच इथी कुठी बसलो असतो, घोंगडी पांघरून. या पोरीची माय मले हेच सांगत होती, अन् मी ऐकत नव्हतो."

त्यांनी पायऱ्या उतरून किल्ली शेठजींच्या हातात ठेवली, अदबीनं, दोन्ही हातांनी. मग बिरजूभाऊजवळ वाकले. "ताप चढून राह्यला काय गा?" त्यांनी आपला कोट काढला, त्याच्या घोंगडीवर घातला, आणि नुसत्या सदऱ्यावर मिलीच्या रस्त्याला लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी काही ओरडलं नाही. सोमीनं फक्त तो कोट बिरजूभाऊच्या खांद्यावर नीट ओढून घेतला.

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा बाबा आधीच आलेले होते. मिल चालू असताना बाबा घरात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. शेठजींनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. माय पाटावर तांदूळ निवडत बसलेली. मी दारातच थांबले. मला वाटलं, आता घर अंगावर येणार. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्या धरणाचं वाचलं तू, त्यात ते गावांचं काऊन नाई लिवलं?"

मी म्हटलं, "मलेही नाई समजलं."

"मी तेच विचार करत होतो आत बसून," ते म्हणाले. माय तांदूळ निवडता निवडता हसायला लागली. तिला हसू आवरेना. मग बाबाही हसले, आणि मी दारात बसून रडले. त्या रात्री आम्ही तिघं एकत्र जेवलो. इंजिन चालू होतं, पेले किणकिणत होते, आणि दुसऱ्या दिवसाचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी तसं निवांत जेवण आमच्या घरात पुन्हा फार थोड्या वेळा झालं.

पुढचं लवकर झालं. बाजाराच्या दिवशीची गोष्ट गावभर झाली होती. वाचनालयाच्या कमिटीत शेठजी एकटे नव्हते, बाकीचे तोवर गप्प होते एवढंच. कृष्णाबाईंनी घरोघर जाऊन त्या बाकीच्यांच्या बायकांना गाठलं, त्यांनी आपापल्या घरी काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. कमिटीची सभा बसली. नामदेवभाऊंना आत बोलावलं, आम्ही बाहेर ओट्यावर. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, टेबल नव्हतं म्हणून दाराच्या चौकटीवरच बोटं वाजवत. बिरजूभाऊची जागा परत, आणि इथून पुढे आजारी माणसाची जागा राखायची, असा ठराव झाला होता. सगळंच मिळालं असं नाही. नामदेवभाऊंनी आणखी दोन गोष्टी मागितल्या होत्या, त्या पुढच्या सभेवर ढकलल्या आणि त्या पुढच्या सभेतच राहिल्या. पण रहीमचाचांनी त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना गुळाचा चहा पाजला, आणि बिरजूभाऊ ताप नसलेला दिवस पाहून कोपऱ्यात जाऊन बसला. नव्या माणसानं खळ वाळवून दगड करून ठेवली होती. तो ती खरवडत गोंडीत बराच वेळ पुटपुटत होता, ते गाणं नक्कीच नव्हतं.

बाबांना बल्लारशाच्या लाकूड डेपोत काम मिळालं. सकाळी पॅसेंजरनं जायचे, संध्याकाळी अंगाला सागवानाचा वास घेऊन यायचे. मिलीजवळच्या खोल्या सोडून आम्ही परकोटाच्या आत भाड्यानं राहायला आलो. पहिले कितीतरी दिवस मायला पहाटे जागच यायची नाही, इंजिन नव्हतं ना.

वाचनालय उघडल्यावर शेठजी बरेच दिवस फिरकले नाहीत. अध्यक्ष तेच होते, पण कमिटीपुरते. मग एका दुपारी, वाचनाच्या खोलीत मी एकटीच असताना, ते दारात दिसले. पांढरा कोट, काळी टोपी, छडी. मी उठून उभी राहिले. ते जरा वेळ उंबऱ्यावरच थांबले.

"बाबा कसे हायेत?" त्यांनी विचारलं.

"बरे हायेत. बल्लारशाले डेपोत लागले."

"हां. ऐकलं." त्यांनी मान हलवली. खोलीत नजर फिरवली, बाकांवरून, खिडक्यांवरून. मागच्या खोलीतून बिरजूभाऊची हातोडी हलकेच वाजत होती. शेठजींनी तो आवाज ऐकला असावा. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माझ्या मनातही त्यांना बोलायच्या कितीतरी गोष्टी जमा झाल्या होत्या, वाटेत चालताना, चूल फुंकताना मी त्या घोकून ठेवल्या होत्या.

"आजचा पेपर आला काय?" त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं. खिडकीजवळची खुर्ची पुसली, पेपर काढला, आणि त्यांना वाचायला दिला.